वाळूत सूर्यमाला मांडा: खडकाळ ग्रह कुठे आणि लघुग्रहांचा पट्टा कुठे ते चालत बघायची रीत

खडकाळ ग्रह लघुग्रहांच्या पट्ट्याच्या कुठल्या बाजूला, याचं उत्तर आधीच सांगून टाकतो, म्हणजे ज्यांना वाळूत उतरायचंच नाही त्यांचं काम इथेच होईल. बुध, शुक्र, पृथ्वी, मंगळ हे चारही खडकाळ ग्रह लघुग्रहांच्या पट्ट्याच्या अलीकडे, म्हणजे सूर्याच्या बाजूला. पट्टा, म्हणजे सूर्याभोवती फिरणाऱ्या लहानमोठ्या दगडांचा भाग, मंगळ आणि गुरूच्या मधे. आणि पलीकडे गुरू, शनी, युरेनस, नेपच्यून ही मोठी मंडळी. एवढं लिहिलं की पेपरात मार्क मिळतात.

पण पुस्तकातलं चित्र बघून पोरांच्या डोक्यात काय बसतं तर ग्रह एकमेकांना खेटून रांगेत उभे आणि मंगळाच्या पुढे लगेच दगडांची भिंत. त्यात पुस्तकाचा दोष नाही, पानावर खरं स्केल मावतच नाही, ग्रह दिसतील एवढे काढले की अंतरं खोटी होतात आणि अंतरं खरी ठेवली की ग्रह टिंबाएवढेसुद्धा उरत नाहीत. त्यासाठी अर्धा किलोमीटर सरळ मोकळी सपाट जागा पाहिजे आणि कोकणात ती फुकट आहे. गुहागर, मुरुड, केळशी, किहीम, शिरोडा, जो किनारा जवळ असेल तो घ्या, फक्त मधे खाडी किंवा खडक येऊन लाईन तुटत नाही ना ते आधी बघून या. गणपतीपुळ्याला सुट्टीच्या दिवशी करू नका, तिथे उंट-घोडेवाले तुमच्या शुक्रावरून जातील.

दिवस कुठला

हे सगळ्यात महत्त्वाचं आणि शहरातून आलेले लोक नेमकं हेच विसरतात. ओहोटी पाहिजे, आणि ती संध्याकाळी पाहिजे, आणि नंतर आकाश काळोखं पाहिजे. हिशोब आपल्याकडे जुनाच आहे, तिथीची पाऊणपट करा की भरतीची वेळ निघते, म्हणजे चतुर्थीला तीन, अष्टमीला सहा, आणि अमावास्येला पंधराची पाऊणपट सव्वाअकरा. भरतीनंतर सव्वासहा तासांनी ओहोटी, म्हणजे अमावास्येला संध्याकाळी साडेपाचच्या आसपास पाणी सगळ्यात आत गेलेलं. त्यात उधाणाचे दिवस असल्यामुळे पाणी चढतं तेवढंच उतरतंही जास्त, त्यामुळे ओली घट्ट वाळू भरपूर उघडी पडते. चतुर्दशी किंवा अमावास्या पकडा, चार वाजता कामाला लागा, सूर्य बुडेपर्यंत मॉडेल तयार आणि रात्री चंद्राचा त्रास नाही. पौर्णिमेलाही ओहोटी त्याच वेळेला येते पण मग चांदणं एवढं पडतं की नंतर तारे बघायला मजा नाही. पाऊणपटीचा हिशोब ढोबळ आहे, अर्धा-पाऊण तास इकडेतिकडे होतो, त्यामुळे मोबाईलवर भरती-ओहोटीचं टायमिंग एकदा बघून घ्या. अष्टमीच्या आसपास भांगाचे दिवस असतात तेव्हा पाणी धड आत जात नाही धड बाहेर येत नाही, ते दिवस टाळा.

महिने नोव्हेंबर ते फेब्रुवारी. पावसात हा उद्योग करायला कोणी जाणार नाही म्हणा. मात्र वेळास, आंजर्ले, गुहागर अशा ठिकाणी याच महिन्यांत कासवं अंडी घालायला येतात, तर वरच्या कोरड्या वाळूत काठ्या ठोकायच्या नाहीत आणि रात्री टॉर्च नाचवायचे नाहीत, आपलं सगळं काम पाण्याजवळच्या ओल्या वाळूत.

सामान

दहा मीटरची एक नायलॉनची दोरी (काथ्याची नको, ओली झाली की लांबी बदलते), दहा-बारा बांबूच्या कांब्या, पांढऱ्या पुठ्ठ्याचे तुकडे, डिंक, मार्कर. पिवळा मोठा कागद किंवा जुना पिवळा कपडा, त्यातून ९३ सेंटीमीटर व्यासाचा गोल कापा, हा सूर्य. बाकी स्वयंपाकघरातून.

स्केल असं धरायचं की सूर्य ते पृथ्वी अंतर, जे खरं सुमारे १५ कोटी किलोमीटर आहे, ते १०० मीटर. म्हणजे वाळूतला एक मीटर म्हणजे आकाशातले १५ लाख किलोमीटर. या मापाने पृथ्वी येते साडेआठ मिलिमीटरची, एक काबुली चणा. शुक्र ८.१ मिलिमीटर, तोही काबुली चणाच, किंचित बारका बघून घ्या. मंगळ साडेचार मिलिमीटर, काळी मिरी, ती तर वाडीतलीच असेल. बुध ३.३, धण्याचा लहानसा दाणा. आपला चंद्र सव्वादोन मिलिमीटर, जाड मोहरी. गुरूसाठी नऊ सेंटीमीटरचं डाळिंब आणा, संपल्यावर खाता येतं. सगळे दाणे पुठ्ठ्यावर डिंकाने चिकटवून खाली नाव लिहा, सुटे ठेवलेत तर वाळूत गेलेली मिरी ब्रह्मदेवालाही सापडणार नाही.

मांडणी

किनाऱ्याच्या एका टोकाला दोन कांब्यांवर सूर्याचा गोल उभा बांधा, तोंड लाईनीकडे. तिथून दोरी टाकत निघायचं. एकाने मागचं टोक धरायचं, एकाने पुढे जायचं, तिसऱ्याने मोठ्याने दोऱ्या मोजायच्या, नाहीतर सतराव्या दोरीला भांडणं होतात.

बुध ३९ मीटरवर, म्हणजे चार दोऱ्यांना थोडं कमी. इथे एक काठी पुरणार नाही कारण बुधाची कक्षा बरीच लांबट आहे, तो ३१ मीटरपर्यंत जवळ येतो आणि ४७ पर्यंत लांब जातो, तर तेवढ्या भागात काठीने एक रेघ ओढा आणि मधे धण्याचा पुठ्ठा. शुक्र ७२ मीटर. पृथ्वी १००. पृथ्वीच्या पुठ्ठ्यावरच २६ सेंटीमीटर अंतरावर मोहरी चिकटवा, माणूस आजवर पृथ्वीपासून जास्तीत जास्त लांब गेलाय तो साधारण तेवढाच, एक वीत आणि थोडं जास्त. मंगळ १५२ मीटर, आणि त्याचीही रेघ ओढा, १३८ ते १६७.

इथे थांबा आणि मागे वळून बघा. खडकाळ ग्रह संपले. चारही. पंधरा दोऱ्यांत सगळा कारभार आटोपला आणि यातला एकही दाणा तुम्हाला इथून दिसत नाहीये, नुसत्या काठ्या दिसतायत.

ग्रह असे एका रेषेत कधीच उभे नसतात हे पोरांना याच वेळी सांगून टाका, आपण लाईनीत मांडले कारण किनारा लांब आहे पण रुंद नाही. पृथ्वीची पूर्ण कक्षा काढायची म्हटली तर २०० मीटर व्यासाचं वर्तुळ होईल, एक भाग समुद्रात आणि एक भाग कोणाच्या तरी माडाच्या बागेत. त्या वर्तुळावर पृथ्वी रोज १.७ मीटर सरकते, बुध रोज पावणेतीन मीटर, मंगळ १.४. लांबचा तो हळू, हा नियम पट्ट्यातही तसाच चालू राहतो.

आणि हो, टेप, काठ्या, झेंडे घेऊन किनाऱ्यावर फिरलात की गावातलं कोणीतरी येऊन विचारणारच, रस्ता जाणार काय हो इथनं? प्लॉट पाडताय काय? हल्ली लोकांना भीतीच तेवढी आहे. आजोबांना मंगळ दाखवा आणि दोरीचं टोक त्यांच्या हातात द्या, ते शेवटपर्यंत येतात.

पट्टा

मंगळानंतर लगेच पट्टा नाही. मंगळाच्या काठीपासून जवळजवळ सहा दोऱ्या नुसतं चालायचं, वाटेत काही नाही. २१० मीटरवर पहिली कांबी, लिहा 'पट्टा सुरू'. ३३० मीटरवर दुसरी, 'पट्टा संपला'. म्हणजे पट्ट्याची रुंदीच १२० मीटर, सूर्यापासून पृथ्वीपर्यंत आपण जेवढं चाललो त्यापेक्षा जास्त. अलीकडची कड मंगळाला जवळ आहे, पलीकडची कड पार गुरूच्या दिशेने, आणि तरी गुरूपर्यंत अजून १९० मीटर रिकामे आहेतच.

आता या १२० मीटरमधे काय ठेवायचं? इथे सगळ्यांची गंमत होते. पोरं मूठ मूठ वाळू उचलून टाकायला तयार असतात. तर थांबवा त्यांना. २७७ मीटरवर सेरेस, हा पट्ट्यातला सगळ्यात मोठा, ९४० किलोमीटर व्यासाचा, आपल्या स्केलवर ०.६ मिलिमीटर, वाळूचा एक जाडसर कण. एक. २३६ मीटरवर वेस्टा, ५२५ किलोमीटर, त्याच्यासाठी बारीक कण बघा. पॅलस सरासरी सेरेसच्याच अंतरावर, हायजिया ३१४ मीटरवर. या चौघांतच पट्ट्याचं निम्म्याहून जास्त वजन आलं. बाकी लाखो आहेत, एक किलोमीटरपेक्षा मोठेच दहा लाखांहून जास्त असावेत असा अंदाज आहे, पण आपल्या मापात ते मिलिमीटरच्या हजाराव्या भागापेक्षाही लहान, आणि दोघांमधलं सरासरी अंतर दहा लाख किलोमीटरच्या घरात, म्हणजे वाळूत हातभर. सगळा पट्टा गोळा करून एक लाडू वळला तरी आपल्या चंद्राच्या वजनाच्या फक्त ३ टक्के भरतो, या मॉडेलमधे एक मिलिमीटरसुद्धा नाही. मूठभर वाळू म्हणजे फार झाली.

सिनेमात ते यान दगडांमधून वाकडंतिकडं पळवतात ना, तसं काही नसतं. पायोनियर १० हे यान १९७२ मधे सुटलं आणि पट्ट्यातून पार जाणारं ते पहिलं, तेव्हा शास्त्रज्ञांनाही थोडी धाकधूक होती पण ते सुखरूप पलीकडे गेलं, आणि त्यानंतर गुरूकडे गेलेल्या यानांना या दगडांमुळे काही झालेलं नाही. उलट लघुग्रहाजवळ जायचं असेल तर मुद्दाम नेम धरून जावं लागतं. डॉन यान २००७ मधे निघालं ते २०११ मधे वेस्टापाशी पोचलं आणि तिथून पुढे सेरेसला जायला २०१५ उजाडलं. आपल्या लाईनीवर बघा, २३६ वरून २७७ वर, एक्केचाळीस मीटर.

हा पट्टा म्हणजे फुटलेला ग्रह का, हे कोणीतरी विचारतंच. नाही. १ जानेवारी १८०१ ला सिसिलीतल्या पालेर्मोहून ज्युसेप्पे पियाझ्झीने सेरेस शोधला तेव्हा लोकांना वाटलं मंगळ-गुरूमधला हरवलेला ग्रह सापडला, मग १८०२ मधे पॅलस सापडल्यावर ग्रह फुटला असेल ही कल्पना आली, पुढे १८०४ मधे जुनो आणि १८०७ मधे वेस्टाही सापडले. पण मघाशी वजन सांगितलं ना, चंद्राच्या ३ टक्के, त्यात कसला ग्रह होतोय. खरं कारण त्या डाळिंबात आहे. गुरूच्या ओढीने इथला माल एवढा ढवळला गेला की दगड एकमेकांवर हळू टेकून चिकटण्याऐवजी जोरात आपटून फुटायला लागले आणि बराचसा तर बाहेरच फेकला गेला. ग्रह फुटला नाही, ग्रह झालाच नाही. सेरेस मात्र गोल होण्याएवढा मोठा आहे म्हणून २००६ पासून त्याला बटुग्रह म्हणतात.

गुरूची दादागिरी वाळूत दाखवता येते. २५० मीटरवर एक कांबी लावा आणि त्यावर फुली मारा. या अंतरावर एखादा दगड असेल तर गुरूच्या एका फेरीत त्याच्या बरोबर तीन फेऱ्या होतात, म्हणजे गुरूचा धक्का दर वेळी ठरलेल्या जागीच बसतो, आणि झोपाळ्याला वेळेवर धक्के दिले की तो जसा चढत जातो तशी त्या दगडाची कक्षा ताणत जाते आणि शेवटी तो तिथून हाकलला जातो. अशा रिकाम्या जागा डॅनियल कर्कवुड यांनी १८६६ मधे दाखवून दिल्या. २८२ ला अशीच एक आहे, तिथेही फुली. आणि ३२७ ला फेऱ्या दोनास एक होतात, म्हणून पट्टा साधारण तिथेच संपतो. अलीकडची कडही अशीच, २०६ ला चारास एक. जरा चिकित्सक लोकांसाठी, ही फुली सरासरी अंतराची आहे, कक्षा लांबट असल्यामुळे शेजारचे दगड या जागेवरून ये-जा करत असतात, त्यामुळे तिथे उभं राहून बघितलं तर मोकळी गल्ली अशी काही दिसणार नाही.

खडकाळ ग्रह अलीकडेच का, याचंही उत्तर याच पट्ट्यात मिळतं आणि मला विचाराल तर सगळ्या मॉडेलमधला हाच तुकडा सर्वात भारी. ग्रह बनत होते तेव्हा सूर्याजवळच्या उष्णतेत पाण्याचा बर्फ टिकत नव्हता, घट्ट राहत होते ते फक्त दगड आणि धातू, आणि तो माल मुळात थोडा, म्हणून आतले ग्रह लहान आणि खडकाळ. ठराविक अंतरापलीकडे बर्फही टिकला, माल भरपूर झाला आणि गुरूसारखे दांडगे तयार झाले. ही हद्द साधारण पट्ट्याच्या भागातच पडते. वेस्टा कोरडा, एकेकाळी वितळलेला, त्याच्या कवचात बेसाल्ट आहे, तोच काळा पाषाण जो कोकणात बऱ्याच किनाऱ्यांच्या टोकाला समुद्रात घुसलेला दिसतो. आणि चाळीस मीटर पुढचा सेरेस, त्याच्या पोटात बर्फ. पट्ट्याच्या आतल्या बाजूला दगडी लघुग्रह जास्त, बाहेर जाल तसे कोळशासारखे काळपट कार्बनवाले वाढत जातात.

पट्टा सोडून कुठेच लघुग्रह नाहीत असं मात्र समजू नका. काही भरकटून आत येतात, आपल्या बुलढाण्यातलं लोणार अशाच एका धडकेतून झालेलं आहे. १३ एप्रिल २०२९ ला अपोफिस नावाचा साडेतीनशे मीटरच्या आसपासचा लघुग्रह पृथ्वीपासून सुमारे ३२ हजार किलोमीटरवरून जाणार आहे, आपल्या चण्यापासून दोन सेंटीमीटर. धडकणार नाही, निदान पुढची शंभर वर्षं तरी नाही, हे तपासून झालंय.

गुरू ५२० मीटरवर. डाळिंब ठेवा आणि परत फिरा.

मॉडेल झाल्यावर काय करायचं

पहिली गोष्ट, सूर्य बुडायच्या आधी पृथ्वीच्या काठीपाशी या. तिथून तुमचा पिवळा गोल जेवढा दिसतो तेवढाच खरा सूर्य दिसतो, कारण स्केल खरं आहे. समुद्राला टेकलेल्या लाल सूर्याकडे ओझरतं बघून ताडून घ्या, टक लावून बघायचं नाही. मग पट्ट्यात जाऊन सेरेसवरून तोच गोल बघा, रुंदीला जेमतेम एक तृतीयांश.

दुसरी, प्रकाशाच्या वेगाने चाला. या स्केलवर प्रकाश सेकंदाला २० सेंटीमीटर जातो. सूर्यापासून पृथ्वीपर्यंत ८ मिनिटं २० सेकंदं, पाऊल मागे पाऊल टेकवत. मुलं शुक्राच्या आधीच कंटाळतात. सेरेसपर्यंत तेवीस मिनिटं लागतील.

तिसरी, मंगळयानाचा रस्ता. पृथ्वी ते मंगळ काठ्यांमधे बावन्न मीटर दिसतायत पण आपलं यान ५ नोव्हेंबर २०१३ ला सुटून २४ सप्टेंबर २०१४ ला पोचलं, वाट ६५ कोटी किलोमीटरहून जास्त, म्हणजे वाळूत सव्वाचारशे मीटरच्या वर. सरळ जाता येत नाही, सूर्याला वळसा घालत घालत जावं लागतं.

काळोख पडत आला की पृथ्वीपाशी उभे राहून सूर्याच्या काठीकडे बघा आणि विचार करा, बुध आणि शुक्र आपल्या आतल्या बाजूला आहेत, मग ते आकाशात सूर्याला सोडून लांब जाणार कसे? शुक्र फार तर ४७ अंश, बुध फार तर २८. म्हणून ते कधी मध्यरात्री डोक्यावर दिसत नाहीत, एकतर संध्याकाळी पश्चिमेला नाहीतर पहाटे पूर्वेला. मंगळ बाहेरचा, तो रात्रभर दिसू शकतो, लघुग्रहही तसेच. बुध बघायला आपला किनारा एक नंबर, पश्चिमेला डोंगर नाही, बिल्डिंग नाही, थेट पाण्यापर्यंत आकाश. तो संध्याकाळी सूर्यापासून जास्त लांब असेल ते दिवस आकाशाच्या ॲपवर बघून ठेवा आणि सूर्यास्तानंतर अर्ध्या-पाऊण तासात शोधा, नंतर तो क्षितिजाजवळच्या धुरकटात जातो. वेस्टा चांगल्या वर्षी अगदी काळोख्या जागेवरून नुसत्या डोळ्यांनी जेमतेम दिसतो, दुर्बीण असेल तर सहज. सेरेसला दुर्बीण लागतेच.

निघताना काठ्या, पुठ्ठे, दोरी सगळं मोजून उचला, लाटेत गेलेली नायलॉनची दोरी मासेमारीवाल्यांना आणि कासवांना दोघांनाही त्रास देते. शनी कुठे म्हणून कोणी हट्ट धरला तर तो ९५८ मीटरवर, त्याला अजून चव्वेचाळीस दोऱ्या लागतील. नेपच्यून तीन किलोमीटर, त्यासाठी गुहागरलाच जावं लागेल आणि सायकल न्या.